मालकाचा देश कोणता लिहायचा?

रिकामा_रकाना:
प्रबंधासाठी परदेशी मालकीच्या कंपन्यांची पाहणी करतेय. प्रश्नावलीत साधा प्रश्न टाकला होता, 'कंपनीचा मालक कोणत्या देशाचा?' आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातंय. एका कंपनीने 'नेदरलँड्स' लिहून पाठवलं. खात्री करायला फोन केला तर अकाउंटंट म्हणाले, "कागदावर नेदरलँड्सच, पण ओरडा खायचा असला की फोन तोक्योहून येतो." दुसऱ्या एकीत सहा परदेशी गुंतवणूकदार, प्रत्येकाचा हिस्सा तीन-चार टक्के. ती परदेशी धरायची का? शिवाय निम्म्या फॉर्मांत विक्रीचा रकाना कोरा. तिथे मी शून्य टाकत गेले. (घाई होती, ओरडू नका.)

खातेवही:
ओरडणारच! ते शून्य आधी काढा. 'विक्री झालीच नाही' आणि 'सांगायचं नाही' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, दोन्हींना वेगळे कोड द्या. आकडे हजारांत आहेत की लाखांत, तेही रकान्याच्या डोक्यावरच छापा. मी एकदा छापलं नव्हतं, तर एक छोटी कंपनी अख्ख्या क्षेत्रापेक्षा मोठी निघाली होती.

आता मालक. हा शब्दच काढून टाका आणि टक्के विचारा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना), दोघांच्या व्याख्येत एकाच परदेशी गुंतवणूकदाराकडे मतदानाचे 10 टक्के किंवा जास्त हक्क असतील तरच ती थेट गुंतवणूक. तुमचे सहा जण एकमेकांशी संबंध नसलेले असतील, तर बेरीज 20 वर गेली तरी ती पोर्टफोलिओ गुंतवणूकच, म्हणजे नुसते शेअर घेतलेले, कारभारात हात नाही. सहाही एकाच समूहातले निघाले तर मात्र गणित फिरतं. आणि तुमचा विषय 'परदेशी नियंत्रण' असेल तर रेघ 10 वर नाही, 50 च्या वर ओढावी लागेल. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका.

शिडी_चढणारा:
देशासाठी दोन रकाने ठेवा: लगतचा गुंतवणूकदार (कंपनीच्या थेट वरचा) आणि शेवटचा (साखळीच्या टोकाचा अंतिम मालक). नाणेनिधीची थेट गुंतवणुकीची पाहणी लगतचा देश धरते, म्हणून तिथे नेदरलँड्स, लक्झेंबर्ग असे पैसा वळवून नेणारे देश एवढे फुगलेले दिसतात. अमेरिकेचं आर्थिक विश्लेषण खातं अंतिम मालकही विचारतं. त्यांचा नियम असा: परदेशी मूळ कंपनीपासून वर चढत जायचं, आणि जिच्यावर दुसऱ्या कोणाचीच 50 टक्क्यांहून जास्त मालकी नाही तिथे थांबायचं.

छापताना जपा. तक्त्याच्या एखाद्या चौकटीत एकाच कंपनीचा वाटा प्रचंड असेल तर त्या कंपनीचा आकडा उघड होऊ नये म्हणून ती चौकट झाकतात. पण नुसती तीच झाकली तर कोणीही एकूण बेरजेतून वजा करून आकडा काढेल, म्हणून शेजारची आणखी एक झाकावी लागते.

रिकामा_रकाना:
शून्यं काढली. त्या अकाउंटंटना पुन्हा फोन लावला. नेदरलँड्सच्या कंपनीत तोक्योची कंपनी बरोब्बर 50 टक्के, उरलेले 50 एका जर्मन कंपनीचे. "मग तोक्योच मालक ना?" ते विचारत होते. शिडी पहिल्याच पायरीवर थांबली. दोन्ही रकान्यांत नेदरलँड्स लिहिलं आणि समासात पेन्सिलीने 'फोन तोक्योहून'.