प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींबद्दल मदत हवी आहे

मंडळी, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतले हत्ती मोकळ्या जागी हलवायला सांगितलं होतं. तरी दिल्लीचा आफ्रिकन हत्ती शंकर जोडीदारीण मेल्यावर वर्षानुवर्षं एकटाच राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथेच दगावला. कळपात राहणारा जीव हो हा! इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या कावन हत्तीला २०२० मध्ये कंबोडियाला नेता आलं, मग आपल्याकडे कुठे अडतं? म्हातारा हत्ती प्रवास सोसत नाही हे मला पटतं, 'जागा नाही' हे अजिबात नाही.

महाराष्ट्रातल्या प्राणिसंग्रहालयांत आज किती हत्ती आहेत, हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज कुणाकडे करायचा? वन विभाग, महापालिका की थेट प्राधिकरण? हत्तींवर उपचार केलेले पशुवैद्य किंवा एखादे माहूत ओळखीचे असतील तर कृपया कळवा.