मदत हवी आहे: तर्री-पोह्यांवर लोक एक-एक तारा देऊन राहिले, काय बदलू?

तर्रीवाला_घाडगे
लवकर सांगा मंडळी, रविवार तोंडावर आहे. कारंजा घाडग्याजवळ हायवेला लागून आपलं नाश्त्याचं हॉटेल आहे. तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा, तीच तर्री), आलूबोंडा, चहा, एवढंच. गावातले लोक १७ वर्षांपासून खातात, कोणाची तक्रार नाही. पण दिवाळीपासून गूगल मॅपवर बाहेरचे लोक लिहून राहिले: "तर्री म्हणजे नुसतं तेल", "पोहे घशात अडकतात", "खारट". काल एकानं प्लेटचा फोटो टाकला, काठाला लाल तेलाचं कडं, शेव भिजून चिखल झालेली. ४.४ वरून ३.७ वर आलो. तर्री आई करते. तो फोटो पाहून ती रात्री जेवली नाही. मसाला बदलू का? तिखट कमी करू का?

वर्धेकर
भाऊ, तेल कोणतं? पोहे जाड की पातळ? करता किती वाजता? एवढं तर सांगा आधी.

झणझणीत
तिखट कमी करू नोका! नागपूरचा माणूस सावजी रस्सा खाऊन मोठा होतो, त्याले तिखटाचं काय सांगता? तिखट कमी केलं की गावातलं गिऱ्हाईकही जाते. आमच्या चौकातल्या एकानं केलं, सहा महिन्यांत शटर पाडलं.

पोहेवाला_मामा
पोहे कोरडे होतात यावर एकच उपाय, वाफ. इंदूरला परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते, दुपारपर्यंत पोहे मऊ. मी आठ वर्षं तिथं होतो, रोज पाहिलं आहे.

झणझणीत
इंदूरच्या पोह्यात साखर, वरून जिरावन मसाला. तर्रीशी त्याचा काय संबंध?

पोहेवाला_मामा
मी चवीचं बोललोच नाही. वाफेचं बोललो. पुन्हा वाचा.

मेहकरचा_ढाबा
खरं दुखणं वेगळंच आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्या जुन्या रस्त्यावरच्या लांबच्या गाड्या गेल्या. ट्रकवाले गेले, त्यांच्यासोबत रात्रीचा धंदा गेला. हायवेच्या भरवशावर राहू नका. लग्नाच्या ऑर्डरी घ्या, शाळेचे डबे घ्या.

तर्रीवाला_घाडगे
गिऱ्हाईक कमी नाही दादा, रविवारी बसायला जागा नसते. प्रश्न अभिप्रायाचा आहे. वर्धेकर, तेल सोयाबीन, पोहे जाड.

नेटकरी_अमरावती
वाईट अभिप्राय मालकाला स्वतः काढता येत नाहीत, फक्त रिपोर्ट करता येतात. खोटा असेल तरच करा. पण उत्तर देता येतं, ते प्रत्येकाला द्या. वाद घालू नका, "पुन्हा या, ताजी प्लेट देतो" एवढं लिहा.

बचतगट_ताई
दादा, किती वाजता करता ते तुम्ही अजून सांगितलं नाही. मी बारा वर्षं तालुक्याच्या बाजारात स्टॉल लावते म्हणून विचारते. एक करा, ते एक-तारावाले अभिप्राय उघडा आणि किती वाजता आले होते ते कोणी लिहिलं आहे का बघा. गावातला माणूस सातला खातो. नागपूरहून रविवारी मुलाबाळांना घेऊन निघालेली गाडी तुमच्याकडे दहा-साडेदहाच्या आधी पोचत नाही. तर्रीचं गंज (पातेलं) चुलीवर किती वेळ असतं?

तर्रीवाला_घाडगे
आत्ता पाहिलं. चौघांनी वेळ लिहिली आहे, चौघेही दहानंतरचे.
पहाटे साडेपाचला एकच मोठं गंज चढवतो, मंद आचेवर बारापर्यंत. आटली की पाणी ओततो. पोहेही सकाळी एकदाच. फोडणीला आदल्या दिवशीचं बोंड्याचं तेल असते, फेकून कसं द्यावं?

बचतगट_ताई
मग आईच्या हाताला दोष नाही. सातची तर्री आणि अकराची तर्री हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पाणी उडतं, मीठ-तिखट खाली राहतं, तेल वर येतं, हरभरा गाळ होतो. वरून पाणी ओतलं की रस्सा फुटतो, मग तेल वेगळं नि पाणी वेगळं. मी उकडलेला हरभरा एका भांड्यात ठेवते, परतलेला मसाला दुसऱ्यात. दर तासाला छोट्या गंजात दोन्ही एकत्र करून उकळतं पाणी घालते आणि पंधरा मिनिटं उकळू देते. पोहेही दोन-दोन किलोचेच भिजवा, चाळणीत निथळू द्या, परातीवर ओलं फडकं टाका. कांदा आणि सांबार (कोथिंबीर) प्लेट देताना चिरलेलाच हवा.

वर्धेकर
आणि तळणाचं तेल फोडणीत बंदच करा. १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. नियम बाजूला ठेवला तरी कढत तर्रीत त्या तेलाचा वास लपत नाही.

झणझणीत
सगळेच वापरतात, काहून घाबरवता त्याले?

वर्धेकर
सगळे वापरतात म्हणून माझ्या वडिलांची ॲसिडिटी कमी होत नाही. बाहेर खाल्लं की दोन दिवस छाती धरून बसतात.

पोहेवाला_मामा
ताईंचं ओलं फडकं तासाभरात वाळतं. वाफच ठेवा.

तर्रीवाला_घाडगे
रविवारचं सांगतो. तर्री चार वेळा जोडली, पोह्यांचे पाच घाणे काढले. तेल ताजं. मामांचं ऐकून परातीखाली गरम पाण्याचं पातेलंही ठेवलं. पावणेअकराला पुण्याच्या पासिंगची गाडी आली, सहा जण. आजीबाईंनी रस्सा दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा आई गल्ल्याजवळून उठून स्वतः वाढायला गेली. तारे काही वाढले नाहीत अजून, पण रविवारी वाईट कोणी लिहिलं नाही.
आता अडचण तेलाची. रोज ताजं म्हटलं की खर्च चढते. प्लेट तीसची पस्तीस केली तर गावातला माणूस तुटेल का? तुमच्याकडे काय भाव आहे ते सांगा.