मदत हवी आहे: फिट्सचा त्रास आणि नाइट शिफ्ट

भाऊ २४ वर्षांचा, एपिलेप्सी आहे, लेव्हेटिरासिटाम ५०० (फिट्सची गोळी) सकाळी ८ आणि रात्री ८, डोस चुकवत नाही, १४ महिने फिट नाही. शेवटची आली ती बहिणीच्या हळदीला रात्रभर जागल्यावर, दोनच मिनिटं पण जीभ चावली, आणि कोणीतरी कांदा हुंगवायला धावलंच (तो वेगळाच विषय). आता चाकणला नोकरी लागलीये, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. डॉक्टर म्हणाले जागरण टाळा, बास. गोळी डब्यासोबत नेईल, ते जमेल, प्रश्न झोपेचा आहे. काम क्वालिटीत, मशीनवर नाही, जायला कंपनीची बस, गाडी चालवत नाही. कोणी फिक्स डे शिफ्ट मागून घेतलीये का, न्यूरोलॉजिस्टचं सर्टिफिकेट चाललं का, आणि ते एचआरला जॉइन व्हायच्या आधी द्यायचं की नंतर?