मदत हवी आहे: वर्गाएवढ्या खोलीत पीटीचा तास कसा घ्यायचा?

खडूवाली

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेचं मैदान बांधकामामुळे बंद आहे आणि पीटीसाठी दुसऱ्या मजल्यावरची एक खोली मिळालीये. साधारण ९ बाय ७ मीटर, फरशी गुळगुळीत, एका भिंतीला बाक रचलेले, ते हलवायचे नाहीत अशी ताकीद. मुलं ३६, सहावीची. तास ३५ मिनिटांचा, त्यातला बराच वेळ जिना चढून रांगा लावण्यातच जातो. आणि खरी गोम म्हणजे खाली वर्ग भरतो. जागेवर धावा म्हटलं की खालच्या बाई दारात हजर, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, डोक्यावर एवढी फौज धबाधबा नाचत असेल तर गणित कसं शिकवणार.

स्ट्रेचिंग घेतलं, योगासनं घेतली, पण रोज तेच म्हटल्यावर पोरं जांभया देतात. संगीत खुर्चीसारखे खेळ तर उलटेच पडतात, ज्यांनी हलायची सगळ्यात जास्त गरज तीच पहिल्या फेरीत बाद, मग भिंतीला टेकून गप्पा, आणि शेवटी चार चपळ पोरं तेवढी पळतात.

उडी न मारता, न धावता दम लागेल असं काय घेऊ? आणि फिटनेसची नोंद कशी ठेवू, २० मीटरची शटल रन (दोन रेघांमध्ये ये-जा करत धावायची चाचणी) या खोलीत बसतच नाही. व्हिडिओ लावून नाचवा असं प्लीज सांगू नका.

शिट्टीवाला

मॅडम, आधी सगळ्यांना एकदम हलवायचा नाद सोडा. ६३ चौरस मीटरमध्ये ३६ जण म्हणजे माणशी पावणेदोन चौरस मीटर, त्यातून बाकांची जागा वजा, हात पसरले की शेजाऱ्याच्या नाकावर. जोड्या लावा. एकाने ३० सेकंद व्यायाम करायचा, दुसऱ्याने भिंतीकडेला उभं राहून मोजायचं आणि गुडघा, पाठ नीट आहे का बघायचं, मग अदलाबदल. बाद कोणीच होत नाही आणि रिकामंही कोणी राहत नाही. जोड्या महिनाभर बदलू नका, नाहीतर रोज पाच मिनिटं रुसवेफुगवे. बदलायची शिट्टी मात्र वाजवू नका, बंद खोलीत कानठळ्या बसतात, हात वर केला की बदल.

अनवाणी

वरच्याला +१. आवाज न होणारे प्रकार: स्क्वॉट (खुर्चीत बसल्यासारखं खाली जाऊन उठणं), मागे पाय टाकून लंज (गुडघे वाकवून खाली जाणं), वॉल सिट (भिंतीला पाठ टेकून हवेत बसणं), प्लँकमध्ये (हात आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून) आलटून पालटून खांद्याला हात लावणं, सावकाश माउंटन क्लायंबर (प्लँकमध्येच एकेक गुडघा छातीकडे आणणं), हवेत बॉक्सिंग, बर्पी (उभ्यावरून खाली वाकून प्लँक, मग परत उभं) पण उडीशिवाय म्हणजे एकेक पाय मागे नेऊन आणायचा. आमच्याकडे एक नियम आहे, पाय आपटल्याचा आवाज आला तर ती खेप मोजायची नाही. मोजणारा जोडीदार एवढा कडक असतो ना की आपल्याला बोलावंच लागत नाही 😀 आणि हळू केलं की मांड्या जास्त भरून येतात, हा बोनस.

मोजे घालून अजिबात करू देऊ नका, फरशीवर सटकतात. अनवाणी किंवा रबरी सोलचे बूट. बाकांच्या कोपऱ्यांपासून मीटरभर आधी खडूची रेघ मारा, रेघेपलीकडे व्यायाम नाही.

शिट्टीवाला

नोंदीचं राहिलंच. ३ मिनिटांची स्टेप टेस्ट घ्या. १२ इंचांची, म्हणजे साधारण ३० सेंमीची, न डगमगणारी पायरी आणि मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९६ ठोक्यांवर. चार ठोक्यांत वर-वर-खाली-खाली, म्हणजे मिनिटाला २४ फेऱ्या. संपली की लगेच बसवून पूर्ण १ मिनिट नाडी मोजायची. तयार तक्ते मोठ्या माणसांसाठीचे आहेत, त्यांच्याशी ताडून पोरांना पास-नापास करू नका, ज्याचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी लावा. एका दिवसात ३६ जण होणार नाहीत, दर तासाला थोडे थोडे उरका.

एरवी दम लागतोय का ते बोलण्यावरून कळतं. बोलता येतंय पण गाता येत नाही म्हणजे मध्यम, दोन शब्दांवर थांबावं लागतंय म्हणजे जोरदार.

खडूवाली

आवाज आला तर खेप बाद हे भारीच, उद्याच लावते. पायरीसाठी जिन्याची सगळ्यात खालची वापरू का? अजून एक, वर्गात दम्याचा एक मुलगा आहे आणि ही खोली धुळीची आहे, त्याला बसवून ठेवायचं जिवावर येतं.

अनवाणी

जिना नको, येणारं-जाणारं कोणीतरी धडकणार. शिवाय पायऱ्या बहुतेक १२ इंचांपेक्षा बुटक्या असतात, आकडेच चुकतील. ठोकळा करून घ्या, खाली रबर लावलेला.

दम्याच्या मुलाला बसवू नका, पण आधी पालकांशी बोला आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय ते लिहून घ्या. इनहेलर दप्तरात खाली वर्गात नको, तुमच्या नजरेसमोर खोलीतच. तासाआधी ओल्या फडक्याने फरशी पुसून खिडक्या उघडा, कोरडा झाडू मारलात तर धूळ हवेतच राहते. खडूच्या रेघेऐवजी चिकटपट्टी लावा, मघाशी मी खडू म्हटलं ते तुमच्या खोलीला चालणार नाही. वॉर्म-अप त्याला जरा जास्त वेळ द्या, आणि थांबावंसं वाटलं तर न विचारता थांबायची मुभा त्याच्या जोडीदारालाही माहीत असू दे.