शब्दचर्चा : वादन 'मुरतं' की 'निवळतं'?

प्रश्न

मंडळी, एका वाक्यापाशी अडलोय. स्टीव्ही रे वॉन या टेक्ससच्या ब्लूज-रॉक गिटारवादकावर मराठीत लिहितो आहे. त्याचं सुरुवातीचं मैफलीतलं वादन आणि शेवटच्या काळातलं वादन, एवढाच विषय. सुरुवातीसाठी १ एप्रिल १९८० ची ऑस्टिनच्या 'स्टीमबोट' क्लबातली मैफल घेतली आहे. ती तेव्हा तिथल्या रेडिओवर लागली होती, तो गेल्यावर १९९२ मध्ये अल्बम म्हणून आली. शेवटासाठी १९८९ चा 'इन स्टेप' हा अल्बम. मी लिहिलं, "नऊ वर्षांत त्याचं वादन परिपक्व झालं." वाक्य चुकलेलं नाही, पण त्यात जीव नाही. परिपक्व मतदारही असतो, लोकशाहीही असते, अभिनयही असतो. 'मुरलं' म्हणू का? आणि आधीच्या वादनाला काय म्हणू? 'कच्चं' म्हणायला जीभ उचलत नाही.

प्रतिसाद

'कच्चं' नकोच, दादा. १९८० मध्ये तो २५ वर्षांचा होता आणि मिसरूड फुटायच्या वयापासून क्लबांत वाजवत होता. आमच्या सतारीच्या वर्गात याला 'हात तयार आहे' म्हणतात. परीक्षेची तयारी वेगळी, लग्नाची वेगळी आणि गळ्याची किंवा हाताची वेगळी. ही तिसरी तयारी त्याच्याकडे तेव्हाच पुरेपूर होती. १३ नंबरची जाड तार, अर्ध्या स्वराने उतरवलेली. तरीसुद्धा ती ओढायला केवढं बळ लागतं हे माझ्या बोटांना विचारा. त्याच्या बोटांची सालं निघायची आणि तो ती गोंदाने चिकटवून पुन्हा वाजवायला बसायचा.

या तार ओढण्याला 'मींड' म्हणा, बिचकू नका. सतारीवरही आम्ही पडद्यावर तार बाजूला खेचूनच मींड घेतो. क्रिया तीच. 'वाकवणे' मात्र लिहू नका, वाकते ती सळई.

प्रतिसाद

आधीच्या वादनाला माझं मत 'रांगडं'. रांगडं म्हणजे ओबडधोबड नव्हे. आमच्या कोल्हापुराकडे रांगडा माणूस म्हटलं की आवाज मोठा, पाठीवरची थाप जड आणि मन साफ. १७ जुलै १९८२ ची, स्वित्झर्लंडच्या माँत्रू संगीत महोत्सवातली मैफल बघा. त्या रात्रीचा बाकीचा कार्यक्रम अकूस्टिक ब्लूजचा. त्यात हा गडी इलेक्ट्रिक गिटार पूर्ण आवाजात सोडतो, आणि श्रोत्यांतले काही जण हुर्यो उडवतात. चेहरा उतरलेला दिसतो, हात मात्र कमी होत नाही. ते ऐकायला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी होता. पुढच्याच वर्षी बोवीच्या अल्बमवर याची गिटार वाजली. १९८५ मध्ये हा माँत्रूला परत गेला तेव्हा त्याच महोत्सवाने त्याला डोक्यावर घेतलं.

'आक्रमक' तेवढं टाळा. तो शब्द क्रिकेटच्या बातम्यांनी झिजवून टाकलाय.

प्रतिसाद

'मुरणे' बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा शब्द दिसतो तितका सरळ नाही.

लोणचं मुरतं, तेव्हा मीठ-मसाला फोडीच्या आत शिरतो आणि चव एकजीव होते. पाणी जमिनीत मुरतं, तेव्हा ते दिसेनासं होतं. त्यातूनच 'कुठंतरी पाणी मुरतंय' हा संशय आला. माणूस मुरतो तेव्हा तर बहुधा तो राजकारणात नाहीतर कचेरीत मुरलेला असतो, म्हणजे सगळ्या वाटा-पळवाटा ठाऊक असलेला. म्हणून 'मुरलेला वादक' लिहिलंत तर वाचकाला थोडा बेरकीपणाचा वास येईल. 'वादन मुरलं' चालेल.

पण चालेल म्हणून लावावं का? मुरण्यात एक गोष्ट गृहीत असते: बरणी झाकून ठेवली की काळच काम करतो. या माणसाच्या बाबतीत काळाने तसं काही केलं नाही. १९८६ पर्यंत दारू आणि कोकेनने तो पोखरला गेला होता. त्या वर्षी जुलैत ऑस्टिन आणि डॅलसला मुद्रित केलेल्या मैफलींवर नंतर स्टुडिओत बरीच डागडुजी करावी लागली. शरदात युरोपच्या दौऱ्यावर, जर्मनीत, तो कोसळला, आणि मग उपचार घेतले. लोणचं मध्येच बिघडलं होतं, हे 'मुरलं' या शब्दात कुठेच येत नाही.

प्रश्नकर्ता

हे पटलं. मग 'सावरलं' म्हणू का?

प्रतिसाद

सावरतो तो माणूस. सुराचं काय झालं ते त्यात येत नाही.

माझा शब्द 'निवळलं'. माझ्या आजीच्या घरी पावसाळ्यात विहिरीचं पाणी लाल यायचं. ती घागरीच्या आतून निवळीची बी घासायची आणि घागर कोपऱ्यात ठेवून द्यायची, हलवायची नाही. सकाळी गाळ तळाला आणि वर नितळ पाणी. त्यात नवं काही पडलेलं नसायचं, पाणी तेच. आभाळ निवळतं, भांडणानंतर घरातलं वातावरण निवळतं, तिथेही हाच अर्थ आहे: आधी गढूळ झालं होतं, ते खाली बसलं.

आता 'इन स्टेप'मधली शेवटची, शब्दांविना असलेली रचना ऐका. जवळजवळ नऊ मिनिटं, ठाय लयीत. तीच जाड तार, तीच मींड. १९८० च्या मैफलीतही एक लांब, संथ ब्लूज आहे, आणि तो फार सुंदर आहे. पण तिथे तो दोन वाक्यांमधली जागा रिकामी राहू देत नाही, मोकळी दिसली की लगेच स्वरांनी भरतो. इथे वाक्य संपवतो आणि थांबतो. स्वर विरेपर्यंत थांबतो. निर्माता जिम गेन्सला दिसत होतं की टेप संपत आली आहे, पण वाजवणाऱ्याला त्याची शुद्ध नव्हती. शेवटी खुणा करून ड्रमर क्रिस लेटनला कळवावं लागलं. रचना संपली आणि लगोलग टेप संपली.

प्रतिसाद

हाच 'ठहराव', ताई. हिंदीतून आलेला असला तरी आपल्या गाण्याच्या बोलण्यात आता घरचाच झालाय. पण तो गुण झाला. तो कुठून आला, हे 'निवळणे' सांगतं. दोन्ही ठेवा.

एक व्याकरणाचं. 'त्याने वादन निवळलं' असं होणार नाही. क्रियापद अकर्मक आहे, निवळतं ते वादन. आणि घाईत 'निव्वळ' टंकू नका, त्याचा अर्थ 'केवळ' होईल.

प्रश्नकर्ता

वाक्य बदललं आहे: "१९८० चा स्टीव्ही रांगडा होता आणि हाताने तयार होता. मधल्या वर्षांत ते वादन गढूळ झालं, १९८६ नंतर निवळलं, आणि त्याला ठहराव आला." पुढे २७ ऑगस्ट १९९० ची, विस्कॉन्सिनच्या मैफलीनंतरच्या हेलिकॉप्टर अपघाताची ओळ येते. तिथे आधी 'अकाली' लिहिलं होतं, ते काढलं. नुसतं वय लिहिलंय, ३५.