कोड आला की सेन्सर बदलायचा, हे पटतं का?

डुलुथकर:
इथे अमेरिकेत मिनेसोटात थंडी पडली की स्नोमोबाइलवाल्यांकडून, म्हणजे बर्फावरची गाडी चालवणाऱ्यांकडून, हमखास ऐकू येतं: डिस्प्लेवर बिघाडाचा कोड आला, सेन्सर बदलला, तरी कोड जाईना. जाणार कसा? पी०११८ हा कोड म्हणजे 'कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) तापमान सेन्सर गेला' असं नाही. त्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दिसतंय, एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांगतो. तो ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सर तापला की रेझिस्टन्स घटतो आणि व्होल्टेज उतरतं. वायर तुटली तर व्होल्टेज ५ वरच राहतं आणि ईसीयू धरून चालतो की इंजिन उणे ४० अंशांवर आहे. पोलारिस कंपनीच्या गाडीत हाच कोड एसपीएन ११०, एफएमआय ३ अशा आकड्यांत दिसतो.

सेन्सरचा कनेक्टर काढा आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. डिस्प्लेवरचं तापमान थेट वरच्या टोकाला गेलं तर वायरिंग शाबूत, मग सेन्सरकडे वळा. उणे ४० वरून हललंच नाही तर नवा सेन्सर घेऊन काय करणार? आधी मोजा, मग पैसे काढा.

ट्रेलवेडा:
साफ असहमत. गॅरेजवाला तासावर पैसे घेतो. वायरी शोधण्यात त्याचे दोन तास गेले तर तेवढ्यात सेन्सर येऊन वर पैसे उरतात. शिवाय कोड लागला की बरेच ईसीयू खरं रीडिंग सोडून ठरावीक तापमान धरतात. मग डिस्प्लेवर विश्वास कसा ठेवायचा? आणि धक्क्याने येणारा-जाणारा दोष उबदार गॅरेजमध्ये मीटरला सापडतच नाही. डुलुथ ते ग्रँड मॅरे ट्रेल जवळपास दीडशे मैलांचा आहे. मध्येच गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालू लागली, तर मला सिद्धांत नको, चालणारी गाडी हवी.

तारजोड:
येणारा-जाणारा दोष सेन्सरमध्ये क्वचित असतो हो! तो असतो कनेक्टरमध्ये. बर्फ वितळून पाणी आत शिरतं, रात्री गोठतं, पिना हिरव्या पडतात. नाहीतर उन्हाळ्यात शेडमध्ये उंदीर हार्नेस कुरतडतात. इंजिन चालू ठेवून हार्नेस हाताने हलवा, पट्टा आणि क्लचपासून हात लांब ठेवून. रीडिंग उडालं की जागा सापडली.

डुलुथकर, एक मात्र ठळक लिहायला हवं होतं: पिना जोडण्याची युक्ती फक्त दोन पिनांच्या तापमान सेन्सरला. थ्रॉटलच्या तीन पिनांच्या सेन्सरवर चुकीच्या पिना जोडल्यात तर ५ व्होल्टच्या लाइनचं व्होल्टेज कोसळतं. ती लाइन बऱ्याचदा सामायिक असते, त्यामुळे दुसऱ्या सेन्सरचेही कोड लागतात.

ट्रेलवेडा:
कनेक्टरचं मान्य. पण माझ्या गाडीला बॅटरीच नाही, दोरी ओढून चालू होते. इंजिन फिरल्याशिवाय ईसीयू जागा होत नाही आणि कंपनीचं सॉफ्टवेअर डीलरकडेच. सामान्य माणसाने मोजायचं कशाने? कंपन्या हे खुलं करत नाहीत तोवर पार्ट बदलणाऱ्याला नावं ठेवू नका.

डुलुथकर:
तारजोड, बरोबर, दोन पिनाच. सॉफ्टवेअरबद्दलचा राग शंभर टक्के रास्त, माझाही आहे. पण या कामाला ते लागत नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी बाहेरून १२ व्होल्ट द्या, ईसीयू जागा होतो. कनेक्टर काढून दोन पिनांमध्ये मीटर लावा. ५ च्या आसपास आलं तर वायरी ठीक. शून्य आलं तर एखादी तुटलीय किंवा कुठेतरी घासून शॉर्ट झालीय. डिस्प्ले काय दाखवतो याच्याशी संबंधच नाही. मग सेन्सरचा रेझिस्टन्स मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडा. तो चुकला तर खुशाल बदला, मी अडवणार नाही.

ट्रेलवेडा:
गाडी घरी असेल तर करून बघेन. ट्रेलवर निघताना बॅगेत जादा सेन्सर मात्र राहणारच.