'ब्राइड्स' पाहिला का कुणी?

मेघना_लेस्टर: दिग्दर्शिका नादिया फॉलचा 'ब्राइड्स' हा चित्रपट पाहिला. साल 2014, इंग्लंडमधल्या डो आणि मुना या शाळकरी मैत्रिणी घरी न सांगता तुर्कस्तानमार्गे सीरियाला निघतात. मी इथे सेकंडरी शाळेत शिकवते. त्यांचं खिदळणं, रुसणं, एकमेकींना चिडवणं थेट माझ्या वर्गातलं! पण ज्या दहशतवादी संघटनेकडे त्या निघाल्यात, त्या आयसिसचा प्रचार जेमतेमच दिसतो. मला ते खटकलं. तुम्हाला?

जुना_प्रेक्षक: नाही खटकलं. घरातली मारहाण, शाळेतला द्वेष दाखवलाय की. लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या तिघी शाळकरी मुली आठवा, आयसिसकडे जायला फेब्रुवारी 2015 मध्ये गॅटविक विमानतळावरून इस्तंबूलला गेलेल्या. त्यांची वर्गमैत्रीण डिसेंबरातच पुढे गेली होती. मैत्रिणीमागे मैत्रीण, असंच ते.

मेघना_लेस्टर: तेच म्हणतेय! पहिलीला कुणी ओढलं, ते नको दाखवायला? माझ्या मुलींना फोनवर कोण काय पाठवतं, मला पत्ता नसतो.

सई_के: मग ट्युनिशियाचा 'फोर डॉटर्स' (2023) बघा, माहितीपट आहे. एका आईच्या चार मुली, त्यातल्या थोरल्या दोघी लिबियात आयसिसकडे गेलेल्या. त्यांच्या जागी अभिनेत्री, आई आणि धाकट्या मात्र खऱ्या. आईच्या स्वतःच्या मारझोडीबद्दलही बोलतात. रात्री एकट्याने नका बघू.

मेघना_लेस्टर: शनिवारी बघते. नवऱ्याला बसवते सोबत.